वरची अडकलेली अक्कलदाढ आणि शेजारच्या दाढेचा नाश

वरच्या जबड्यातील अक्कलदाढेचा रुग्ण आपल्याकडे दाढेची तक्रार घेऊन क्वचितच येतो. कान ठणकतो, कपाळाची एक बाजू दुखते, गालाचे हाड जड वाटते, तोंडाला दुर्गंधी येते, अशा तक्रारी तो सांगतो. आपणही कर्णशूल, अर्धावभेदक अथवा प्रतिश्याय यांचा विचार करून नस्य देतो, गंडूष सांगतो, पोटात औषध देतो. बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत वेदना कमी होते आणि रुग्ण समाधानाने घरी जातो. मात्र त्याच काळात अक्कलदाढेला लागून असलेली निरोगी दाढ मागच्या बाजूने पोखरली जात असण्याचा संभव असतो. ही हानी बहुधा निःशब्द होते. ती कशी होते, वैद्याने ती वेळीच कशी ओळखावी, आणि दाढ काढण्याच्या प्रश्नावर सुश्रुताचार्यांच्या निषेधाचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दाढ अडकते म्हणजे काय?

प्रौढाच्या मुखात ३२ दात असतात; म्हणजे वर-खाली, उजवीकडे-डावीकडे अशा प्रत्येक चतुर्थांशात आठ. त्यांपैकी आठवा दात म्हणजे अक्कलदाढ. साधारणतः वयाच्या १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान ती उगवते. सर्वांत शेवटी उगवत असल्याने तिला जागा पुरतेच असे नाही. जागा अपुरी पडली, किंवा दाढेची दिशाच चुकली, तर ती हाडात अथवा हिरडीखाली अर्धवट वा पूर्णपणे अडकून राहते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे एकत्रित गणित केले असता सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींत किमान एक अक्कलदाढ अडकलेली आढळते. खालच्या जबड्यात हे प्रमाण अधिक आहे. खालची दाढ सुजते, तोंड उघडू देत नाही, म्हणून लगेच लक्षात येते. वरची मात्र तुलनेने शांत राहते आणि त्यामुळेच दुर्लक्षित राहते.

अडकलेल्या दाढेचा अक्ष शेजारच्या दाढेच्या अक्षाशी कोणता कोन करतो, यावरून जॉर्ज विंटर यांनी १९२६ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे. त्यानुसार दाढ उभी, मागे कललेली, पुढे कललेली किंवा आडवी असू शकते. वरच्या जबड्यात उभ्या आणि मागे कललेल्या दाढा अधिक आढळतात. पुढे कललेल्या आणि आडव्या दाढा संख्येने कमी असल्या, तरी शेजारच्या दाढेला खरा धोका त्यांच्यापासूनच अधिक असतो.

या दाढेच्या स्थानाची आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानी घ्यावीत. एक म्हणजे तिच्या मुळांच्या वरच गालाच्या हाडातील वायुकोटर असते. दुसरे म्हणजे तिची संवेदना चेहऱ्याच्या त्रिशाखी नाडीच्या मधल्या शाखेतून जाते. म्हणून तिची वेदना कानात, शंखप्रदेशी किंवा डोळ्याखाली भासते आणि निदानाची दिशा चुकते.

शेजारच्या दाढेची हानी कशी होते?

अक्कलदाढेच्या पुढची, म्हणजे सातव्या क्रमांकाची दाढ चर्वणासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. तिची हानी मुख्यतः चार मार्गांनी होते.

पहिला मार्ग अन्नसंचयाचा. अर्धवट उगवलेली दाढ शेजारच्या दाढेला तिरपी टेकली की दोहोंच्या मध्ये पाचरीसारखी फट निर्माण होते. तेथे अन्नकण अडकतात आणि ब्रश पोहोचत नाही. सातव्या दाढेच्या मागच्या अंगाला, जेथे शिखराचे कठीण कवच संपून मुळाचा मऊ भाग सुरू होतो, तेथेच कीड लागते. ही जागा हिरडीखाली असल्याने आरशात दिसत नाही. कीड दिसू लागेपर्यंत ती अनेकदा गाभ्यापर्यंत गेलेली असते. एवढ्या खोल आणि एवढ्या मागे चांदी किंवा सिमेंट नीट भरणेही कठीण जाते.

दुसरा मार्ग आधारनाशाचा. त्याच फटीत जंतूंचा थर साचून हिरडीला सूज येते, हिरडी दातापासून सुटते आणि खोल कप्पा तयार होतो. पुढे सातव्या दाढेच्या मागचे हाड झिजते. दाढ स्वतः कीडविरहित असूनही हलू लागते. आपल्या परिभाषेत दंतमूलगत विकार झाला, दंत मात्र निर्दोष, अशी ही स्थिती होय.

तिसरा मार्ग मूळ झिजण्याचा. पुढे कललेल्या किंवा आडव्या दाढेचे शिखर सातव्या दाढेच्या मुळावर टेकून राहिले, तर त्या सततच्या दाबाने मुळाचा पृष्ठभाग विरघळू लागतो. दुधाचे दात पडताना त्यांची मुळे जशी झिजतात, तशीच ही क्रिया. फरक एवढाच की येथे ती कायमच्या दातावर होते. गाभा उघडा पडेपर्यंत यात वेदना नसते. साध्या क्ष-किरण चित्रात दोन दात एकमेकांवर दिसत असल्याने ही झीज नजरेतून सुटू शकते. त्रिमितीय स्कॅनमध्ये ती स्पष्ट दिसते.

चौथा मार्ग कोशवृद्धीचा. न उगवलेल्या दाढेच्या शिखराभोवती एक पातळ कोश असतो. क्वचित त्यात द्रव साचून गळू वाढते, आसपासचे हाड पातळ करते आणि शेजारच्या दाढेला ढकलते. हे प्रमाण अल्प असले, तरी वरच्या जबड्यात असे गळू वायुकोटरात शिरून बराच काळ अज्ञात राहू शकते.

याखेरीज एक प्रकार व्यवहारात नेहमी आढळतो. खालची अक्कलदाढ काढलेली असते किंवा अडकलेली असते. तिचा विरोध नसल्याने वरची दाढ खाली लोंबू लागते. ती खालच्या हिरडीवर टोचते, तेथे वारंवार सूज येते, आणि आपण दोष खालच्या हिरडीला देतो. तशीच बाहेरच्या दिशेने उगवलेली वरची दाढ गालाला घासून तेथे व्रण करते. गालावरचा व्रण औषधाने भरत नसेल, तर समोरची दाढ पाहणे आवश्यक आहे. तीक्ष्ण दात घासून वा काढूनही दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा, तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावा.

एका रूढ समजाचाही येथे उल्लेख करावा लागेल. अक्कलदाढ मागून रेटते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, असे अनेकजण मानतात. उपलब्ध अभ्यासांतून या समजाला आधार मिळत नाही. केवळ पुढच्या दातांची ओळ राखण्यासाठी निरोगी अक्कलदाढ काढण्याचा सल्ला देऊ नये.

संहितांतील संदर्भ

सुश्रुतसंहितेत एकूण ६५ मुखरोग वर्णिले आहेत. त्यांत दंतमूलगत १५ व दंतगत ८ आहेत. प्रस्तुत विषयाशी निकटचे दोन व्याधी दंतमूलगत गटात येतात. पहिला अधिमांस. हनूच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, तीव्र वेदना व लालास्राव ही त्याची लक्षणे असून तो कफज सांगितला आहे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरील हिरडीच्या शोथाशी हे वर्णन किती जुळते, हे वेगळे सांगणे नलगे. त्याची चिकित्साही स्पष्ट आहे: वाढलेल्या मांसाचे छेदन, नंतर वचा, तेजोवती, पाठा, स्वर्जिका व यवक्षार यांच्या चूर्णाचे मधासह प्रतिसारण, पिंपळी व मधाचा कवल, आणि पटोल, त्रिफळा व निंब यांच्या काढ्याने धावन. येथे शस्त्रकर्म प्रथम आहे, औषध नंतर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा व्याधी वर्धन. वातामुळे अधिक दात तीव्र वेदनेसह उत्पन्न होतो आणि तो उगवल्यावर वेदना शमते, असे त्याचे वर्णन आहे. अधिक दात आणि अक्कलदाढ यांचे ऐक्य मानावे की नाही, हा वादाचा विषय होईल. परंतु या वर्णनातून एक उपयुक्त कसोटी हाती लागते. दात उगवला आणि वेदना शमली, तर व्याधी संपला असे समजण्यास आधार आहे. दात उगवलेलाच नाही आणि तरीही वेदना शमली, तर हेतू जागच्या जागी आहे. केवळ लक्षण दबले आहे. अडकलेल्या दाढेच्या रुग्णाला ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ असे सांगण्यापूर्वी वैद्याने ही कसोटी स्वतःला लावावी.

वरचा दात काढू नये काय?

आपल्याकडे ‘वरची दाढ काढली की डोळा अधू होतो’ असा समज घरोघरी आहे. सुशिक्षित रुग्णही या भीतीने वर्षानुवर्षे दंतवैद्याकडे जाण्याचे टाळतो आणि आपल्याकडे औषध मागतो. या समजाला संहितेचा आधार आहे, असे सांगणारे वैद्यही भेटतात. म्हणून मूळ वचनाचा संदर्भ नीट पाहिला पाहिजे.

सुश्रुत चिकित्सास्थानाच्या २२व्या अध्यायात दंतनाडीच्या चिकित्सेत, नाडी ज्या दाताशी असेल तो दात काढावा, मात्र तो वरचा नसावा, असे सांगितले आहे. घट्ट मूळ असलेला वरचा दात उपटल्यास रक्ताच्या अतिस्रावामुळे घोर रोग होतात, मनुष्य काणा होतो, अर्दित होतो. म्हणून हलणारा वरचा दातही काढू नये, असा निषेध आहे. येथे आचार्यांनी कारण दिले आहे, आणि ते कारण रक्ताचा अतियोग हे आहे. त्याच ठिकाणी त्यांनी दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगितली आहे. दाताची उपेक्षा केल्यास नाडी हनूच्या अस्थीचा नाश करते, म्हणून दात समूळ काढावा. म्हणजे उपेक्षेचा धोका आणि रक्तस्रावाचा धोका हे दोन्ही त्यांच्यासमोर होते. वरच्या दाताच्या बाबतीत त्या काळच्या साधनांनी रक्त थांबवणे दुष्कर, म्हणून त्यांनी उपेक्षेचा धोका पत्करला.

आज भूल देताना ॲड्रेनालिनयुक्त लिग्नोकेन वापरतात. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. जखमेवर दाब देता येतो, टाके घालता येतात, दात तुकडे करून काढता येतो. निषेधाचे कारण ज्या रुग्णात उरलेले नाही, त्याला तो निषेध लावणे हे आचार्यांच्या युक्तीला धरून होणार नाही. ज्या रुग्णात ते कारण आजही उभे आहे, उदाहरणार्थ रक्त पातळ करणारी औषधे घेणारा, रक्त न गोठण्याचा जन्मजात विकार असलेला, जीर्ण यकृद्विकाराचा रुग्ण, त्याच्या बाबतीत सुश्रुतांचा इशारा जसाच्या तसा लागू आहे. अशा रुग्णाची दाढ रुग्णालयात, पूर्वतयारीनेच काढली जावी.

डोळ्याचा प्रश्न राहिला. वरच्या दाताच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते, पापणी मिटते. सामान्य माणूस दात आणि डोळा यांचा संबंध यावरून जोडतो. वरच्या जबड्यात भूल दिल्यावर क्वचित काही काळ दुहेरी दिसते, तेही भूल उतरताच जाते. दृष्टीला आणि जीवालाही खरा धोका संभवतो तो न काढलेल्या दूषित दातापासून. त्या भागातील शिराजाळाचा संबंध डोळ्यामागील व कवटीच्या तळाच्या शिरांशी असल्याने संसर्ग तेथवर पोहोचू शकतो. ही घटना विरळ आहे, पण घडते. म्हणून डोळ्याच्या काळजीपोटी दूषित दाढ राखणे हे नेमके उलट होय.

चिकित्सालयात तपासणी

यासाठी टॉर्च, टंग डिप्रेसर आणि दंतवैद्य वापरतात तसा छोटा आरसा एवढी साधने पुरेत. एक युक्ती उपयोगी पडते. रुग्णाला तोंड पूर्ण उघडायला सांगू नये. पूर्ण उघडल्यावर खालच्या जबड्याचे टोक पुढे येऊन वरच्या शेवटच्या दाढेलगतची जागा बंद करते. तोंड अर्धे मिटवून गाल बाजूला ओढल्यास ती जागा स्पष्ट दिसते.

प्रथम दात मोजावेत. एका बाजूस सातच भरले, तर आठवा कधी काढला होता का, हे विचारावे. काढलेला नसेल, तर तो आत असण्याची शक्यता आहे. काही जणांत तो जन्मतःच नसतो. नंतर सातव्या दाढेच्या मागच्या हिरडीवर दाबून रक्त, पू किंवा दुर्गंधी येते का पहावे, दाढ हलते का पहावे, हलकेच ठोकून वेदना होते का पहावे. एकाच बाजूचा वारंवार कर्णशूल असून कान निर्दोष आढळणे, एकाच बाजूचा जुना पीनस, थंड पाण्याने मागची दाढ शिवशिवणे, एकाच ठिकाणी रोज अन्न अडकणे, यांपैकी काहीही असल्यास दोन्ही जबड्यांचे एकत्रित क्ष-किरण चित्र, ज्यास व्यवहारात ओपीजी म्हणतात, ते काढण्यास सांगून रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवावे.

प्रत्येक अडकलेली दाढ काढावी, असे मात्र नव्हे. इंग्लंडमधील नाइस या संस्थेने मार्च २००० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार रोगविरहित अडकलेली अक्कलदाढ केवळ प्रतिबंध म्हणून काढू नये. न भरता येणारी कीड, गळू, पू, शेजारच्या दाताच्या मुळाची झीज, हिरडीचा वारंवार होणारा शोथ अशी कारणे असतील तरच काढावी. याला एक पुरवणी जोडली पाहिजे. दाढ राखायची ठरली, तर तिची नियमित तपासणी व ठराविक काळाने क्ष-किरण चित्र हा त्या निर्णयाचाच भाग आहे. तिरपी टेकलेली दाढ पाहणीविना राखणे म्हणजे सातवी दाढ पणाला लावणे होय. काढायचीच असेल, तर तारुण्यात काढलेली बरी; तेव्हा जखम लवकर भरते आणि मागचे हाडही चांगले भरून येते.

आपल्या कक्षेतील कार्य

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय परिषदेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी जी शस्त्रकर्मे अधिसूचित केली, त्यांत हलणारा दात काढणे समाविष्ट होते. हाडात अडकलेली वरची दाढ ही सर्वस्वी निराळी बाब आहे. जालंधरबंध पद्धतीनेही तिला हात घालू नये. ती काढताना हाडाचा मागचा उंचवटा तुटणे, वायुकोटर उघडे पडणे, क्वचित दाढच कोटरात सरकणे, असे उपद्रव संभवतात. हे काम मुखशल्यचिकित्सकाचे आहे.

वैद्याचे काम त्याच्या आधी आणि नंतर आहे. आधी, शोथ असेपर्यंत कोमट मीठपाणी अथवा पटोल-त्रिफळा-निंब काढ्याचे धावन, मुखशुद्धी, कोष्ठशुद्धी आणि मृदु आहार. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, चूर्णे व गुग्गुळ कल्पांसह, एका कागदावर लिहून शल्यचिकित्सकाला द्यावीत. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या किंवा इंजेक्शने यांचा त्यात आवर्जून उल्लेख असावा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या अधिकारात बंद करू नये.

दाढ काढल्यावर पहिले २४ तास गंडूष, कवल, जोरात चूळ भरणे वर्ज्य. साकळलेले रक्त निघून गेल्यास जखम उघडी पडते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी हलकेच तोंडात फिरवावे. जखमेत लवंगतेल, क्षार अथवा चूर्ण भरू नये. वरच्या दाढेच्या बाबतीत विशेष सूचना अशी की जखम पूर्ण भरेपर्यंत नस्य, धूमपान आणि जोरात नाक शिंकरणे टाळावे. वायुकोटराशी मार्ग उघडला असल्यास त्याने तो मिटत नाही. पाणी पिताना नाकात येणे, ही अशा मार्गाची खूण असून रुग्णास त्वरित परत पाठवावे.

औषधालयाच्या चालकांसाठी

दाढदुखीचा रुग्ण बहुधा प्रथम औषधालयातच येतो. लवंगतेल मागितल्यास ते कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन दातावरच लावावे, हिरडीवर ओतू नये, हे अवश्य सांगावे. शुद्ध तेलाने त्वचा भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवण्याची प्रथाही हिरडी जाळते. प्रतिजैविके चिठ्ठीविना देऊ नयेत. वेदनाशामक गोळ्या वारंवार नेणाऱ्याचे जठर व वृक्क धोक्यात येतात.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र औषधाची नाही. एकच ग्राहक एकाच दाढेसाठी दुसऱ्यांदा आला, तर त्याला ‘एकदा फोटो काढून घ्या’ असे सांगावे. विक्री थोडी कमी होईल, पण एका माणसाची दाढ वाचेल.

सातवी दाढ गेली की समोरची दाढ लोंबते, त्या बाजूचे चर्वण सुटते, आणि अन्नाचे पहिले पचन जेथे व्हायचे तेथेच न्यूनता येते. ज्या शास्त्रात अग्नीला एवढे महत्त्व आहे, त्याच्या अनुयायांनी दोन मिनिटे खर्चून मागच्या दाढा मोजाव्यात, एवढेच या लेखाचे मागणे आहे.